मोटारीच्या मागील कॅमेऱ्याची बैठक : निवड आणि जोडणी

शेतमाल बैलगाडीऐवजी मोटारीतून बाजारास जाऊ लागला, त्यास आता दोन पिढ्या लोटल्या. खेड, मावळ, जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारी आज ट्रॅक्टर असतो आणि त्याच्या जोडीला पिकअप, जीप किंवा लोक ज्यास 'छोटा हत्ती' म्हणतात ती लहान मालमोटार असते. चाकणच्या बाजारात कांदा, मोशीस व पिंपरीस भाजीपाला याच वाहनांतून जातो. सोय मोठी झाली. परंतु तिच्याबरोबर खळ्यात व अंगणात एक संकटही आले आहे, आणि त्याचा विचार जितका व्हावा तितका अद्याप झालेला नाही. ते संकट म्हणजे वाहन मागे घेण्याचे.

बैलास डोळे असतात. वाटेत लेकरू आले तर तो स्वतःच थबकतो. शिवाय गाडी मागे सारण्याचे काम असे कितीसे पडते? मोटार मात्र दिवसातून दहा वेळा मागे घ्यावी लागते आणि तिच्या पाठीस डोळे नाहीत. पिकअपच्या चालकाचा डोळा जमिनीपासून १६० सें.मी. उंचीवर आहे, मागील फाळक्याची वरची कड १२० सें.मी. उंच आहे व डोळ्यापासून ती साडेतीन मीटर मागे आहे असे धरा. डोळ्यापासून फाळक्याच्या कडेवरून जाणारी रेषा मागे ओढली तर ती फाळक्यापासून साडेदहा मीटर अंतरावर जमिनीस टेकते. तेवढ्या अंतरातली जमीन चालकास दिसत नाही. ८० सें.मी. उंचीचे मूल फाळक्यापासून साडेतीन मीटरच्या आत उभे असेल तर त्याचा केसही दिसणार नाही. हा हिशेब रिकाम्या गाडीचा झाला. गोण्या भरल्यावर मागची काच असून नसल्यासारखीच होते, आणि बाजूचे आरसे केवळ दोन्ही कडा दाखवितात.

यावरील उपाय म्हणून मागे कॅमेरा बसविण्याची पद्धत आता गावोगाव पोहोचली आहे व ती स्वागतार्ह आहे. परंतु कॅमेरा विकत घेताना जितकी चौकशी केली जाते, तिच्या चौथाईनेही तो कशावर व कसा बसवावा याची चौकशी होत नाही. या बाबतीत प्रस्तुत लेखकाचा स्वतःचा अनुभव सांगणे अप्रस्तुत होणार नाही. जीपला कॅमेरा बसविला होता. तो दुहेरी चिकटपट्टीवर होता. एका पावसाळ्यात खाचखळग्यांच्या रस्त्याने त्याची बैठक सैल पडून कॅमेरा हळूहळू वर वळला. रोज थोडा थोडा वळल्यामुळे ते ध्यानात आले नाही. सुगीच्या दिवसांत खळ्यावर जीप मागे घेताना पडद्यावर आभाळ व आंब्याचा शेंडा दिसत होता, आणि लेखक त्यावर विसंबून मागे येत होता. बंपरपासून हातभर अंतरावर भाच्याची धाकटी मुलगी उकिडवी बसून मातीत काडीने रेघा ओढीत होती. ओसरीवरच्या म्हातारीने हाक मारली म्हणून गाडी थांबली. कॅमेरा चांगला होता, पडदा चांगला होता, वायर शाबूत होती. बिघडली होती ती केवळ बैठक. पडद्यावर काहीच दिसले नसते तर लेखक खाली उतरून पाहता. चुकीचे चित्र हे चित्र नसण्यापेक्षा अधिक घातक असते, हे त्या दिवशी कळले.

असे प्रसंग केवळ आपल्याकडेच घडतात असे नाही. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात २००२ साली कॅमेरून गलब्रॅन्सन नावाचा दोन वर्षांचा मुलगा स्वतःच्या वडिलांच्या मोटारीखाली, ती घराच्या आवारात मागे येत असता, सापडून मरण पावला. त्याच्याच नावाचा कायदा त्या देशात २००८ साली मंजूर झाला आणि त्यान्वये १ मे २०१८ पासून तेथील प्रत्येक नव्या हलक्या वाहनास मागील दृश्य दाखविणारी योजना सक्तीची झाली. हा नियम करताना तेथील शासनाने जे आकडे विचारात घेतले त्यांनुसार मागे येणाऱ्या वाहनांखाली वर्षास सुमारे २१० माणसे दगावत होती, व त्यांपैकी शेकडा ३१ ही पाच वर्षांखालील मुले होती. आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना मागे घेताना इशारा देणारे संवेदक आवश्यक झाले. ते पीं-पीं वाजतात ही गोष्ट उपयुक्त आहे. तथापि मागे काय आहे ते ते दाखवीत नाहीत. जुन्या गाड्या, मालाच्या गाड्या व ट्रॅक्टर यांच्या मालकांनी आपली सोय आपणच केली पाहिजे.

कासारवाडीची खरेदी

पुणे-नाशिक रस्ता जुन्या मुंबई-पुणे रस्त्यास जेथे मिळतो तो नाशिक फाटा कासारवाडीत आहे. पुणे-लोणावळा लोकलचे स्थानक येथे आहे आणि ६ मार्च २०२२ पासून मेट्रोही येथे थांबते. चाकण, राजगुरुनगर, मंचर या बाजूंनी पुण्याकडे येणाऱ्या वाहनास हा फाटा टाळणे कठीण. भोवतालचा सारा पट्टा मोटारींचा आहे : पिंपरीस टाटांचा कारखाना, आकुर्डीस बजाज व फोर्स, चाकणला महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज. ज्या रानात एके काळी ज्वारी-बाजरी होत असे तेथे आता मोटारीचे सुटे भाग तयार होतात. या पट्ट्यात पत्रा वाकविणारा, भोक पाडणारा व वायर जोडणारा कुशल हात सहज मिळतो. तेव्हा माल पोहोचवून परतताना शेतकरी येथेच थांबून कॅमेरा बसवून घेतात, यात नवल नाही.

घाई मात्र नडते. गाडी रस्त्याच्या कडेला उभी असते, घरी जाण्याची ओढ असते आणि दुकानदार हाती येईल ती बैठक पुढे करतो. ती बहुधा नंबर प्लेटच्या चौकटीची असते. म्हणून तिचाच विचार प्रथम करू.

नंबर प्लेटची चौकट नको

परदेशी बनावटीच्या मालात ही चौकट फार चालते. प्लेट काढायची, मागे चौकट ठेवायची, पुन्हा त्याच स्क्रूंनी प्लेट आवळायची, की चौकटीतला कॅमेरा जागेवर आला. गाडीस एकही भोक पाडावे लागत नाही. युक्ती उत्तम आहे, परंतु ती आपल्या देशात लागू पडत नाही. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवूनच मिळते, आणि त्यापूर्वीच्या वाहनांनाही ती लावून घेण्याचा नियम महाराष्ट्रात अमलात आला. या प्लेटवर वरच्या डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राचे चकाकते चिन्ह असते व मागील प्लेट 'स्नॅप लॉक' नावाच्या खिळ्याने बसविलेली असते. हा खिळा एकदा दाबून बसविला की पुन्हा उघडत नाही. काढावयाचा झाल्यास तो मोडावाच लागतो. प्लेटची चोरी व अदलाबदल होऊ नये यासाठीच ही योजना आहे.

तेव्हा कोणी दुकानदार "खिळा ड्रिलने उडवितो आणि रिव्हेट मारून देतो" असे म्हणाला तर त्यास स्पष्ट नकार द्यावा. पन्नास-शंभर रुपयांच्या चौकटीपायी प्लेटचा कायदेशीरपणा घालविणे शहाणपणाचे नाही.

मापाचाही प्रश्न आहे. आपल्या मोटारीची प्लेट ५०० × १२० मि.मी. किंवा ३४० × २०० मि.मी. असते. युरोपातील लांबट प्लेट सुमारे ५२० मि.मी.ची, तर अमेरिकेतील १२ इंच बाय ६ इंचांची. त्या मापांच्या चौकटी येथे नीट बसत नाहीत; एक तर हलतात, नाही तर क्रमांकाची कड झाकतात. प्लेटवरून खाली लोंबणारा कॅमेराही याच कारणासाठी टाळावा. रात्री मागून १५ मीटरवरून क्रमांक वाचता आला पाहिजे असा नियम आहे. प्लेटवरील दिव्याच्या आड कॅमेरा आला तर त्याची सावली नेमकी अंकावर पडते.

इतर बैठका

चिकटपट्टीविषयी वर लिहिलेच आहे. ती सर्वथा टाकाऊ आहे असे नव्हे. जागा स्पिरिटने पुसून, कोरडी करून, दाबून लावली आणि तिला पुरती पकड येण्यास तीन दिवस दिले तर चांगल्या प्रतीची फेसाळ पट्टी घरच्या मोटारीवर टिकते. परंतु लावल्यावर तासाभरात गाडी धुऊन काढणारे लोकच अधिक, आणि शेताच्या रस्त्यावर चालणाऱ्या वाहनाने तिच्यावर भरवसा ठेवू नये. लोहचुंबकाची बैठक ट्रॉलीपुरती ठीक आहे. तिचा विचार पुढे येईल.

दुसरा प्रकार भोकात खुपसून बसविण्याच्या गोल कॅमेऱ्याचा. बंपरला किंवा डिकीच्या पट्टीला होल-सॉने भोक पाडून तो आत दाबतात. बाहेर फक्त काचेचा मणी दिसतो. दिसावयास सुबक, चोरीस कठीण. दोष एवढाच की एकदा भोक पडले की झुकाव बदलता येत नाही : बंपरचा पृष्ठभाग ज्या दिशेस तोंड करील तिकडेच कॅमेरा पाहणार. काही कॅमेऱ्यांबरोबर तिरप्या रबरी चकत्या मिळतात, त्या असतील तरच हा प्रकार घ्यावा. भोक कॅमेऱ्याबरोबर आलेल्या मापाचेच पाडावे. एक मिलिमीटर मोठे झाले तर कॅमेरा खुळखुळतो, आणि मोठे झालेले भोक लहान करता येत नाही.

प्लेटवरील दिव्याच्या जागी बसणारा कॅमेरा त्या त्या मोटारीच्या मापाचा मिळाला तर उत्तम. मालमोटारीसाठी तो बहुधा मिळत नाही.

शेतकऱ्याच्या वाहनास सर्वांत योग्य बैठक म्हणजे कमानीच्या आकाराचे लोखंडी ब्रॅकेट. इंग्रजी 'यू' अक्षरासारखी ही पट्टी असते. मधोमध कॅमेरा आणि दोन्ही बाजूंस दोन स्क्रू. स्क्रू ढिले केले की कॅमेरा वर-खाली वळतो, आवळले की घट्ट बसतो. तिचे पाय दोन बोल्टांनी गाडीस जोडावयाचे. दुकानात जे ब्रॅकेट मिळते ते पुष्कळदा पातळ पत्र्याचे असते. बोटांनी वाकत असेल तर घेऊ नये. दोन मिलिमीटर जाड पत्र्याचे ब्रॅकेट कोणताही फॅब्रिकेटर घटकाभरात वाकवून, भोके पाडून देतो. त्यावर कॅमेऱ्याच्या डोक्यावर येईल असे दोन बोटे रुंदीचे छज्जे ठेवावयास सांगावे. पावसाचा थेंब व दुपारचे ऊन काचेवर थेट येत नाही आणि माल उतरविताना गोणीचा धक्का लागला तर तो छज्ज्यावर जातो.

जागा कोणती निवडावी

वाहनाच्या रुंदीच्या मध्यावर आणि शक्य तितके मागे, हा सामान्य नियम. उंची अडीच ते साडेतीन फूट असावी. त्याहून खाली चाकाचा चिखल उडतो व जवळची वस्तू अवास्तव मोठी दिसून अंतराचा अंदाज चुकतो.

जीपच्या मागील दारावर स्टेपनी असेल तर कॅमेरा तिच्यामागे दडता कामा नये. ब्रॅकेट स्टेपनीच्या खाली बंपरवर घ्यावे आणि ते स्टेपनीच्या पृष्ठभागापर्यंत बाहेर यावे, अथवा स्टेपनीच्या मधल्या खाचेत ते बसवावे. दुसऱ्या प्रकारात वायर दाराच्या बिजागरीतून न्यावी लागते. तेथे ती ताणून न बांधता ढिला फास ठेवावा, अन्यथा महिन्याभरात आतून तुटते आणि कोठे तुटली ते सापडत नाही.

पिकअपचा प्रश्न अधिक बिकट आहे, कारण तिला फाळका आहे. कॅमेरा फाळक्यावर बसविला तर फाळका पाडताच कॅमेरा चाकाकडे किंवा जमिनीकडे पाहू लागतो व ओट्यावर आपटून फुटतो. म्हणून तो फाळक्याखालील स्थिर आडव्या पट्टीवर घ्यावा. तेथेही लटकता फाळका त्यावर येऊन आदळण्याचा संभव असतो. यास्तव भोके पाडण्यापूर्वी फाळका पूर्ण सोडून पाहावा, आणि ब्रॅकेट त्याच्या झेपेबाहेर येईल इतके आत किंवा खाली घ्यावे. फाळका सोडलेला असता चित्र झाकले जाणारच. त्यास इलाज एकच : फाळका लटकता ठेवून गाडी मागे घेण्याची सवय मोडणे. बाजारात हे दृश्य नेहमी दिसते. तसे केल्याने मागचे दिवे व नंबर प्लेटही झाकली जाते, हे वेगळेच.

गाडीवर ताडपत्रीची कमान कायमची असेल तर कॅमेरा कमानीच्या मागील टोकास, सहा-साडेसहा फूट उंचीवर घेणे अधिक बरे. तेथे चिखल पोहोचत नाही. ताडपत्रीचा पदर मात्र दोरीने मागे बांधलेला असावा.

चासीस भोक पाडणे किंवा तिच्यावर वेल्डिंग करणे कटाक्षाने टाळावे. कारखान्याने ठेवलेली मोकळी भोके बहुतेक गाड्यांत सापडतात. त्यांचाच उपयोग करावा. सीएनजीची टाकी असलेल्या गाडीत ड्रिल कोठे निघेल हे खाली वाकून, हात लावून पाहिल्याखेरीज ट्रिगर दाबू नये.

झुकाव : सर्वांत महत्त्वाची गोष्ट

येथे वाचकांनी थोडा वेळ द्यावा. कॅमेऱ्याच्या पेटीवर १७० अंश असा आकडा छापलेला असतो. तो बहुधा एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजलेला असतो. वरपासून खालपर्यंतचा पल्ला त्याहून पुष्कळच कमी असतो. तो ९० अंश आहे व कॅमेरा जमिनीपासून ९० सें.मी. उंचीवर आहे असे धरू. कॅमेरा सरळ मागे पाहत असेल तर त्याच्या नजरेची खालची कड ४५ अंशांनी उतरून ९० सें.मी. अंतरावर जमिनीस टेकते. म्हणजे बंपरलगतची तीन फूट जमीन पडद्यावर येतच नाही, आणि उकिडवे बसलेले मूल, झोपलेले कुत्रे किंवा खुंट्यास बांधलेले वासरू असते ते नेमके तेथे. आता कॅमेरा ३० अंश खाली झुकवा. खालची कड सुमारे २४ सें.मी.वर येते, आणि वरची कड अद्यापि क्षितिजाच्या १५ अंश वर राहते. म्हणजे दूरचे वाहनही दिसते. झुकाव ४५ अंश केला तर बंपरच्या पायथ्यापर्यंत सारे दिसेल, परंतु वरची कड क्षितिजावर येऊन दूरची उंच वस्तू अर्धी कापली जाईल. खळ्यात वावरणाऱ्या वाहनास लेखक ३० ते ३५ अंश पसंत करतो.

अंश मोजण्यासाठी महागडे साधन नको. मुलाच्या कंपासपेटीतील कोनमापक घ्यावा, त्याच्या मध्यबिंदूतून दोरा ओवून त्यास नट बांधावा, आणि कॅमेऱ्याच्या अंगास तो टेकवून ओळंबा पाहावा. त्याहूनही सोपी खूण अशी की पडद्याच्या अगदी खालच्या कडेस बंपरची बोटभर पट्टी दिसली पाहिजे. ती दिसली की बंपर व चित्र यांमध्ये आंधळी जागा उरत नाही. शिवाय पुढे केव्हा बैठक सरकली तर ती पट्टी नाहीशी होते किंवा रुंद होते, आणि बिघाड त्याच दिवशी कळतो. लेखकाच्या जीपला ही खूण असती तर आभाळ पाहत गाडी मागे घेण्याची वेळ आली नसती.

प्रत्यक्ष जोडणी

प्रथम काहीही पक्के न करता कॅमेरा वायरने जोडून हाताने जागेवर धरावा व दुसऱ्यास पडद्यापुढे बसवावे. चित्र पसंत पडल्यावरच खुणा कराव्यात. बॅटरीचे ऋण टोक काढून ठेवावे. खुणेवर सेंटर पंचाने ठोका मारावा, म्हणजे ड्रिल घसरत नाही. आधी बारीक भोक, मग मापाचे. भोकाच्या उघड्या कडेस प्रायमर व रंग लावावा. कांद्याच्या व खताच्या गाडीत हे न केल्यास एका पावसाळ्यात गंज धरतो. ब्रॅकेट व गाडी यांमध्ये पातळ रबर घालावे. जाड मऊ रबर घालू नये, चित्र थरथरते. बोल्ट गंज न धरणाऱ्या पोलादाचे व नट नायलॉकचे असावेत. साधे नट रस्त्याच्या हादऱ्याने सुटतात. पकड बसल्यावर ब्रॅकेट व कॅमेरा यांच्या सांध्यावरून रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली की कॅमेरा सरकला असे समजावे.

कॅमेरा धूळ व पाणी यांपासून सुरक्षित असावा. पेटीवर 'आयपी ६७' असे लिहिलेले असल्यास त्यात धूळ शिरत नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास राहिला तरी तो बिघडत नाही, असा त्याचा अर्थ. जोराच्या फवाऱ्याने गाडी धुणाऱ्यांनी तरीही झोत थेट काचेवर मारू नये.

वीज सामान्यतः रिव्हर्सच्या दिव्यातून घेतात. गिअर मागे पडताच कॅमेरा व पडदा चालू होतो. मध्ये एक-दोन अँपियरचा फ्यूज अवश्य घालावा. नवीन गाडीची हमी चालू असेल तर मूळ वायर कापू न देता जोडपिनांनी जोड घ्यावयास सांगावे. वायर नालीदार नळीतून न्यावी, सायलेन्सरपासून वीतभर दूर ठेवावी, आणि पत्र्यातून जेथे आत शिरते तेथे रबरी ग्रोमेट बसवावे. आत शिरण्यापूर्वी वायरीला खाली झोळ द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी टपकून जाते.

मागील कॅमेऱ्याचे चित्र आरशातल्यासारखे उलटलेले असावे लागते. तपासण्यासाठी एकाने गाडीमागे गाडीकडेच तोंड करून उभे राहावे व चालकाच्या बाजूचा हात वर करावा. पडद्यावरही तो चालकाच्याच बाजूस दिसला पाहिजे. उलट दिसत असल्यास बऱ्याच कॅमेऱ्यांत त्यासाठी एक लहान वायरीचा फास दिलेला असतो. तो कापण्यापूर्वी सूचनापत्र वाचावे. कापल्यावर वाचून उपयोग नाही.

ट्रॉलीसाठी

ट्रॉलीचा कॅमेरा उलटणाऱ्या हौद्यावर न बसविता खालच्या सांगाड्यावर बसवावा. वायर सुटी करता येईल अशी, पाणी न शिरणाऱ्या जोडाची असावी. बिनतारी कॅमेरा लोहचुंबकावर बसवून आज या ट्रॉलीला, उद्या दुसरीला लावता येतो, हा मोठा लाभ; परंतु त्याचे चित्र कधी अडखळते, आणि रंग व गंजाचे पापुद्रे असलेल्या जागी चुंबक धरत नाही. जागा खरवडून स्वच्छ करावी व चुंबकास दोरीचा फास ठेवावा. ऊस किंवा कडबा भरल्यावर त्याचे शेंडे मागे लोंबतात, त्या वेळी कॅमेरा निरुपयोगी समजून चालावे. ट्रॉली मागे घेताना चाक उलट्या बाजूस फिरवावे लागते, ते कसब कॅमेरा शिकवीत नाही.

गावात करावयाचे प्रात्यक्षिक

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील प्रयोग एखाद्या बाजारच्या दिवशी शाळेच्या पटांगणात करावा. अमेरिकेतील नियमात वाहनामागे १० फूट रुंद व २० फूट लांब एवढा पट्टा दिसला पाहिजे असे ठरविले आहे, व तो तपासण्यासाठी ८० सें.मी. उंचीचे नळकांडे ठेवतात; बंपरपासून फूटभर अंतरावर हा पट्टा सुरू होतो. आपणही फक्कीने तेवढा चौकोन आखावा. नळकांड्याऐवजी दोन घमेली एकावर एक पालथी घालून चालतील. ती बसलेल्या मुलाहूनही ठेंगणी होतात, तेव्हा कसोटी अधिकच कडक ठरते. अशा सहा जोड्या चौकोनात, काही बंपरजवळ व काही कोपऱ्यांत, ठेवाव्यात. मग कॅमेरा नसलेल्या पिकअपमध्ये एकेका चालकास बसवून किती जोड्या दिसतात ते विचारावे. उत्तर बहुधा 'एकही नाही' असे येते व बसलेला माणूस खाली उतरून पुन्हा पाहतो. नंतर कॅमेरा असलेली गाडी आणावी. तिच्याही पडद्यावर सहापैकी किती दिसतात ते मोजावे. जी दिसत नाही ती कोणत्या बाजूची, यावरून झुकाव कोठे चुकला ते लगेच कळते आणि पान्याने तेथल्या तेथे दुरुस्त करता येते. पडद्यावरील हिरव्या-पिवळ्या-तांबड्या रेषा कॅमेऱ्याच्या एका ठरावीक उंचीसाठी आखलेल्या असतात. बंपरपासून एक मीटरवर वीट ठेवून ती आपल्या पडद्यावर कोठे दिसते ते प्रत्येकाने स्वतः पाहून ठेवावे.

या प्रयोगाच्या वेळी आणखी एक गोष्ट सांगून टाकावी. गाडी मागे घेताना "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत पाठीमागे मधोमध उभा राहणारा माणूस सर्वांत धोक्याच्या जागी असतो. त्याने चालकाच्या बाजूस, आरशात दिसेल असे उभे राहावे. कॅमेरा आला म्हणून त्यास रजा देऊ नये. कॅमेरा समोरचे दाखवितो, बाजूने धावत येणारे मूल मात्र त्यासच आधी दिसते.

कासारवाडीहून जोडणी करून घेतल्यावर पहिली खेप पुरी झाली की बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत. नव्या रबरामुळे पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरांत त्यांना थोडी ढिलाई येतेच. त्याच वेळी ओल्या फडक्याने काच पुसावी, रंगाची रेघ पाहावी आणि बंपरची पट्टी पडद्यावर जागच्या जागी आहे ना, ते पाहून घ्यावे.